तंतुमय बुरशीत जनुक हुकमी चालू-बंद करणे : इंड्युसिबल प्रमोटर वापरण्याची रीत

प्रयोग जमला नाही की पहिला संशय प्रमोटरवर, म्हणजे जनुकाचे वाचन सुरू करणाऱ्या डीएनए-पट्ट्यावर, जातो. प्लास्मिडचे सिक्वेन्सिंग पुन्हा होते, प्रायमर बदलतात, नवे ट्रान्सफॉर्मंट (घातलेला डीएनए स्वीकारलेल्या वसाहती) उचलले जातात. दोष मात्र बहुतेक वेळा फ्लास्कमधल्या माध्यमात असतो. ग्लुकोज उरलेले असते किंवा नको तेव्हा संपलेले असते, यीस्ट अर्कातून थायमिन आत शिरलेले असते, क्विनिक आम्लाने पीएच खाली ओढलेला असतो. इंड्युसिबल प्रमोटर, म्हणजे ठरावीक द्रव्याने चालू-बंद होणारा प्रमोटर. त्याचा खटका माध्यमात आहे. म्हणून तयारी माध्यमापासून करायची आणि क्लोनिंगला त्यानंतर हात घालायचा. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. ट्रान्सफॉर्मेशन, पीसीआर आणि आरएनए काढणे तुमच्या हातातले आहे असे धरले आहे.

## टप्पा १ : आधी ‘बंद’ ठरवा

प्रमोटर निवडताना ‘किती जोरात चालतो’ हे पाहिले जाते. त्याआधी विचारायचा प्रश्न असा : तुमच्या प्रयोगाला बंद अवस्था किती घट्ट हवी आहे? जनुक अत्यावश्यक आहे का ते तपासायचे असेल किंवा विषारी प्रथिन बनवायचे असेल, तर थोडी गळतीही (बंद असताना होणारी अभिव्यक्ती) निष्कर्ष बिघडवते. नुसते प्रथिन भरपूर हवे असेल, तर गळतीने फारसे बिघडत नाही. दुसरा प्रश्न : जनुक चालू करण्यासाठी कार्बन किंवा नायट्रोजनचा स्रोत बदलणे तुम्हाला परवडते का? चयापचयाचाच अभ्यास करायचा असेल आणि खटकाही साखरेचाच असेल, तर दिसणारा फरक जनुकामुळे की साखरेमुळे, हे कधीच सुटे करता येणार नाही.

कामाला येणारे पर्याय असे.

अल्क-ए. अ‍ॅस्परजिलस निड्युलन्समधला अल्कोहोल डिहायड्रोजनेजचा प्रमोटर. इथेनॉल, थ्रिओनिन, सायक्लोपेंटॅनोन किंवा ब्युटॅनोनने चालू होतो, ग्लुकोजने बंद होतो. चालू करणारे प्रथिन अल्क-आर, बंद करणारे क्रे-ए. क्रे-ए या प्रमोटरवर आणि अल्क-आरच्या जनुकावर असे दोन्हीकडून दाबते, म्हणून ग्लुकोजवरची बंद अवस्था चांगली मिळते. ग्लिसरॉल किंवा लॅक्टोजवर तो मधल्या अवस्थेत राहतो. दमन (दाबून बंद ठेवणे) नसते, उद्दीपनही (द्रव्याने चालू करणे) पूर्ण नसते. ही मधली पातळी फार उपयोगाची आहे, तिच्याकडे पुढे परत येऊ.

झाइल-पी. पेनिसिलियम क्रायसोजेनमच्या झायलॅनेज जनुकाचा. झायलोजने चालू, ग्लुकोजने बंद. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगाटस आणि निड्युलन्समध्येही चालतो. एक खोच लक्षात ठेवा. झायलोज जास्त झाले की तेही क्रे-ए जागे करते, निदान अ‍ॅस्परजिलस नायजरमध्ये हे स्पष्ट दिसते. त्यामुळे ‘उद्दीपक दुप्पट, अभिव्यक्ती दुप्पट’ हे गणित इथे चालत नाही.

ग्ला-ए आणि सीबीएच-१. पहिला अ‍ॅस्परजिलस नायजरचा, माल्टोज किंवा स्टार्चवर चालणारा. दुसरा ट्रायकोडर्मा रीसायचा, सेल्युलोज, सोफोरोज किंवा लॅक्टोजवर चालणारा. दोन्ही उत्पादनासाठी उत्तम. बारीक नियंत्रणासाठी मी त्यांच्या वाटेला जाणार नाही.

क्यूए-२. न्यूरोस्पोरा क्रासाचा, क्विनिक आम्लाने चालणारा. मात्रेनुसार पातळी बदलते. साधारण ०.०१ मिलिमोलरपासून १० मिलिमोलरपर्यंतची मालिका लावून हवी ती पातळी पकडता येते. ग्लुकोज मात्र कमी, ०.१ टक्क्याच्या आसपास ठेवावे लागते.

नायट्रेटवर चालणारे प्रमोटर, म्हणजे नायट्राइट आणि नायट्रेट रिडक्टेजचे. नायट्रेटने चालू, अमोनियम किंवा ग्लुटामिनने बंद. कार्बन तसाच राहतो हा मोठा फायदा. तोटा पीएचचा : नायट्रेट खाताना माध्यम अल्कधर्मी होत जाते, अमोनियम खाताना आम्लधर्मी. पीएचला प्रतिसाद देणारी जनुके त्यासोबत हलतात.

थाय-ए. अ‍ॅस्परजिलस ओरायझीमधला. थायमिन नसताना चालू, असताना बंद. कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही न बदलता खटका मिळतो.

टीसीयू-१. न्यूरोस्पोराचा. तांबे भरपूर असले की बंद, बाथोक्युप्रॉइनसारख्या द्रव्याने तांबे बांधून टाकले की चालू.

टेट-ऑन. डॉक्सिसायक्लिनने चालणारी परकी यंत्रणा. बुरशीच्या स्वतःच्या चयापचयाशी तिचा थेट संबंध नाही, म्हणून माध्यम न बदलता जनुक चालू करता येते. दोन भाग आत घालावे लागतात : सतत बनणारे चालक प्रथिन आणि त्याच्या बांधणीच्या जागा असलेला किमान प्रमोटर.

माझे मत विचाराल तर अत्यावश्यक जनुकासाठी अल्क-ए किंवा झाइल-पी, चयापचयाच्या अभ्यासासाठी टेट-ऑन किंवा थाय-ए, आणि न्यूरोस्पोरात काम असेल तर आधी क्यूए-२ पाहावा. प्रयोगशाळेत कोणाच्या तरी फ्रीजरमध्ये प्लास्मिड तयार आहे, हे निवडीचे कारण होऊ नये.

> सावध : अल्क-ए परक्या प्रजातीत न्यायचा असेल, तर तिथे अल्क-आरसारखे चालक प्रथिन आहे का, पुरेसे आहे का, ते आधी पाहा. नसेल तर अल्क-आरचे जनुकही सोबत घालावे लागते.

## टप्पा २ : क्लोनिंगच्या आधी माध्यमाची परीक्षा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात.

तुमचा मूळ स्ट्रेन, कोणताही बदल न केलेला, ‘बंद’, ‘मधल्या’ आणि ‘चालू’ अशा तिन्ही माध्यमांत वाढवा. द्रव माध्यमात कोरडे वजन घ्या, प्लेटवर वसाहत पाहा, पीएच सुरुवातीला आणि शेवटी मोजा. थ्रिओनिन किंवा इथेनॉल हा एकमेव कार्बन स्रोत असेल तर वाढ मंद होते, आणि ही मंद वाढ उद्या तुम्ही जनुकाच्या माथी माराल. मूळ स्ट्रेनचे हे आकडे हातात नसतील तर पुढच्या कोणत्याही फरकाचा अर्थ लावता येणार नाही.

प्लेटवर नुसता व्यास मोजून थांबू नका. निकृष्ट कार्बन स्रोतावर बुरशी विरळ पसरते आणि वसाहत रुंद दिसते. बायोमास मात्र निम्माही नसतो.

माध्यम बनवताना या गोष्टी सांभाळा :

- यीस्ट अर्क, पेप्टोन, माल्ट अर्क इंड्युसिबल प्रयोगाच्या माध्यमात नकोत. त्यांत साखरा, अमिनो आम्ले, थायमिन आणि धातू असतात, आणि प्रमाण दर बॅचला बदलते. ठरावीक घटकांचे किमान माध्यमच वापरा.
- थाय-ए वापरत असाल तर व्हिटॅमिनच्या द्रावणाची यादी वाचा. नेहमीच्या मिश्रणात थायमिन असतेच. काही मायक्रोमोलर थायमिनही दमनाला पुरते.
- टीसीयू-१ वापरत असाल तर सूक्ष्म धातूंच्या द्रावणातले तांबे हिशेबात धरा.
- ग्लुकोज आणि झायलोज अमिनो आम्लांसोबत ऑटोक्लेव्ह करू नका. माध्यम तपकिरी पडते आणि साखरेचे खरे प्रमाण घटते. साखरेचे द्रावण वेगळे गाळून निर्जंतुक करा, नंतर मिसळा.
- क्विनिक आम्ल हे खरेच आम्ल आहे. साठ्याचे द्रावण सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ५.८ च्या आसपास आणून मगच वापरा.
- इथेनॉल, ब्युटॅनोन आणि सायक्लोपेंटॅनोन उडून जातात. माध्यम ५० अंश सेल्सिअसच्या आसपास आल्यावर मिसळा, प्लेटा त्याच दिवशी वापरा आणि कडा पट्टीने बंद करा. ब्युटॅनोन ज्वलनशील आहे. फ्यूम हूडमध्येच हाताळा.
- डॉक्सिसायक्लिन प्रकाशाने खराब होते. साठा अंधारात, उणे २० अंशांवर ठेवा, फ्लास्कला फॉइल गुंडाळा. मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि लोहाला ते चिकटते, म्हणून क्षार जास्त असलेल्या माध्यमात त्याचा प्रभाव कमी दिसतो.

> सावध : एकाच स्ट्रेनमध्ये अल्क-ए आणि टेट-ऑन दोन्ही असतील, तर डॉक्सिसायक्लिन इथेनॉलमध्ये विरघळवू नका. विद्रावकच दुसरा प्रमोटर चालू करेल. पाणी वापरा.

उडणाऱ्या द्रव्यांच्या बाष्पाचा आणखी एक धोका : इथेनॉलच्या प्लेटा आणि ग्लुकोजविरहित ‘मधल्या’ प्लेटा एकाच बंद डब्यात ठेवल्या तर बाष्प शेजारी पोचते. डबे वेगळे ठेवा.

## टप्पा ३ : रचना

जनुकाचा स्वतःचा प्रमोटर काढून त्याच जागी नवा बसवायचा, की जनुकाची दुसरी प्रत ठरलेल्या ठिकाणी घालायची? बंद अवस्था तपासायची असेल तर पहिला मार्गच खरा. दुसऱ्यात मूळ प्रत शाबूत राहते, म्हणून तो फक्त अतिरिक्त अभिव्यक्तीसाठी.

जागेवर बदल करताना वरच्या शेजाऱ्याकडे पाहा. बुरशीच्या जीनोममध्ये जनुके दाटीने बसलेली असतात. दोन जनुके पाठीला पाठ लावून उलट दिशांना वाचली जात असतील तर मधला पट्टा दोघांचाही प्रमोटर असतो. तुम्ही तो कापला तर शेजारचे जनुकही गेले. अशा वेळी मूळ पट्टा न कापता नवा प्रमोटर सुरुवातीच्या कोडॉनच्या लगेच आधी घुसवा.

नव्या प्रमोटरच्या शेपटीत आणि तुमच्या जनुकाच्या सुरुवातीच्या कोडॉनमध्ये दुसरा एटीजी (म्हणजे सुरुवातीचा कोडॉन) राहिलेला नाही ना, हे डोळ्यांनी तपासा. क्लोनिंगच्या जोडभागात तो सहज शिरतो आणि मग एमआरएनए भरपूर, प्रथिन नाही, असे कोडे पडते. थाय-एच्या बाबतीत उलट काळजी घ्यावी लागते. थायमिनचे दमन त्याच्या एमआरएनएच्या सुरुवातीच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागातल्या इंट्रॉनवर अवलंबून आहे. तो भाग ‘अनावश्यक’ म्हणून छाटला की खटकाच गेला.

निवड-मार्कर (ट्रान्सफॉर्मंट निवडता यावेत म्हणून घातलेले जनुक) प्रमोटरच्या वरच्या बाजूला बसतो. मार्करचे वाचन तुमच्या जनुकाच्या दिशेने वाहत येणार नाही अशी दिशा ठेवा आणि मार्करला नीट टर्मिनेटर (वाचन थांबवणारा तुकडा) द्या. बंद अवस्थेतल्या गळतीचे हे नेहमीचे आणि नेहमी विसरले जाणारे कारण आहे.

प्रत एकच असावी. अल्क-एच्या अनेक प्रती असल्या की मर्यादित अल्क-आर सगळ्यांत वाटले जाते आणि प्रत्येक प्रत कमी चालते. शिवाय दोन स्ट्रेनची तुलना अशक्य होते.

## टप्पा ४ : ट्रान्सफॉर्मंट शुद्ध करणे

नेमक्या जागी बसवण्यासाठी टोकजोड दुरुस्तीचा (डीएनएची तुटलेली टोके जुळणी न पाहता जोडण्याचा) मार्ग बंद केलेला यजमान स्ट्रेन घ्या. अ‍ॅस्परजिलसमध्ये केयू-७० किंवा केयू-८० चे समजात जनुक काढलेले, न्यूरोस्पोरात एमयूएस-५१ किंवा ५२ काढलेले. याने योग्य जागी बसलेल्या ट्रान्सफॉर्मंटचे प्रमाण खूप वाढते.

पहिल्या प्लेटवरचा ट्रान्सफॉर्मंट शुद्ध नसतो. एका कवकतंतूत अनेक केंद्रके असतात, त्यांतली काही बदललेली, काही मूळची. मूळ केंद्रके जनुक पुरवत राहतात आणि बंद अवस्थेत स्ट्रेन मजेत वाढतो. निवड ठेवलेल्या माध्यमावर एकेका बीजाणूपासून वसाहत, अशा निदान दोन-तीन फेऱ्या करा. अ‍ॅस्परजिलस निड्युलन्सचे बीजाणू एककेंद्रकी आहेत, तिथे हे लवकर होते. अ‍ॅस्परजिलस ओरायझी आणि न्यूरोस्पोराच्या मोठ्या बीजाणूंत अनेक केंद्रके असतात. न्यूरोस्पोरात सूक्ष्म बीजाणूंमधून किंवा संकरातून जावे लागते.

> सावध : न्यूरोस्पोरात संकर करताना डीएनएच्या दुहेरी प्रतींवर उत्परिवर्तनांचा मारा होतो. क्यूए-२चा लांब तुकडा किंवा जनुकाची दुसरी प्रत घातलेला स्ट्रेन संकरातून काढला असेल, तर तो भाग पुन्हा सिक्वेन्स केल्याशिवाय वापरू नका.

> तपासणी : पीसीआर तीन हवेत. डावा जोड, उजवा जोड आणि मूळ जागा नाहीशी झाल्याचा. तिसरा बहुतेक जण करत नाहीत, आणि केंद्रकांची सरमिसळ उघडी पडते ती त्यातच. जादा प्रत दुसरीकडे बसलेली नाही यासाठी सदर्न ब्लॉट किंवा प्रतींची क्यूपीसीआर मोजणी करा. टेट-ऑनमध्ये बांधणीच्या जागा ओळीने पुनरावृत्त असतात, पुनर्संयोगाने त्यांतल्या काही गळू शकतात. त्या पट्ट्याची लांबीही पाहा.

किमान दोन, जमल्यास तीन स्वतंत्र ट्रान्सफॉर्मंट पुढे न्या.

## टप्पा ५ : बीजाणू आणि पूर्ववाढ

बीजाणू कोणत्या प्लेटवरून गोळा केले याची नोंद ठेवा. ‘चालू’ माध्यमावर तयार झालेला बीजाणू आपल्यासोबत एमआरएनए आणि प्रथिनाची शिदोरी घेऊन येतो. ‘बंद’ माध्यमात तो फुटतो, नळीही काढतो, आणि तुम्ही लिहिता की जनुक अत्यावश्यक नाही. अत्यावश्यक जनुकाच्या स्ट्रेनचे बीजाणू शक्यतो मधल्या पातळीच्या माध्यमावर, म्हणजे अल्क-ए असेल तर ग्लिसरॉल किंवा लॅक्टोजवर बनवा. जगण्यापुरते प्रथिन मिळते आणि शिदोरी छोटी राहते.

बीजाणू ०.०१ ते ०.०५ टक्के ट्वीन-८० (सौम्य डिटर्जंट) मध्ये घ्या, गाळून तंतूंचे तुकडे काढा, मोजा. द्रव माध्यमात मिलिलिटरला साधारण १० लाख बीजाणू चांगले. फार कमी घातले तर मोठे गोळे बनतात. गोळ्याच्या आतल्या तंतूंना ना उद्दीपक नीट पोचतो ना ऑक्सिजन, आणि मोजणीत बाहेरच्या व आतल्या तंतूंची सरासरी येते. फ्लास्क एक पंचमांशापेक्षा जास्त भरू नका.

आता पूर्ववाढीच्या माध्यमाचा प्रश्न. १ टक्का ग्लुकोजवर रात्रभर वाढवून सकाळी ‘बंद’ नमुना घेणे ही सर्वांत रुळलेली चूक. दाट कल्चरमध्ये सकाळपर्यंत ग्लुकोज संपत आलेले असू शकते. संपले की दमन सुटते, आणि तुमचा ‘बंद’ नमुना प्रत्यक्षात अर्धा चालू असतो. मग ‘प्रमोटर गळतो’ असा शिक्का बसतो.

> तपासणी : नमुना घेण्याच्या वेळी माध्यमातले ग्लुकोज मोजा. ग्लुकोज ऑक्सिडेजची साधी पट्टीही चालते. ‘बंद’ नमुन्यात ते भरपूर हवे, ‘चालू’ नमुन्यात पट्टीचा रंग बदलता कामा नये.

अल्क-एसाठी एक सोपी वाट आहे : ०.१ टक्के फ्रुक्टोजवर किंवा लॅक्टोजवर पूर्ववाढ करा आणि मग थेट त्याच फ्लास्कमध्ये उद्दीपक घाला. माध्यम बदलावेच लागत नाही.

## टप्पा ६ : माध्यम-बदल

ग्लुकोजवरून उद्दीपकाकडे जायचे असेल तर हा टप्पा टळत नाही, आणि दोन पुनरावृत्तींमधली तफावत येते ती इथूनच.

१. नवे माध्यम आणि धुण्याचे माध्यम आदल्या दिवशीच वाढीच्या तापमानाला आणून ठेवा. थंड माध्यमाने धुतल्यास तापमानाचा धक्का हाही एक प्रयोग होऊन बसतो.

२. कल्चर मिराक्लॉथमधून (गाळणीच्या कापडातून) गाळा. पंपाने कोरडेठाक ओढू नका, तंतू सुकले की ताणाची जनुके जागी होतात.

३. कार्बन नसलेल्या माध्यमाने दोनदा धुवा. हिशेब करून पाहा : १ टक्का ग्लुकोजचा १ मिलिलिटर द्रव कवकजालात अडकला तर १० मिलिग्रॅम ग्लुकोज ५० मिलिलिटर नव्या माध्यमात गेले, म्हणजे ०.०२ टक्के. बुरशी ते लवकर संपवते खरी, पण तोवर उद्दीपन लांबते. आणि प्रत्येक फ्लास्कमध्ये अडकलेला द्रव सारखा नसतो, म्हणून ते सारखे लांबतही नाही.

४. ओल्या कवकजालाचे सारखे वजन प्रत्येक फ्लास्कमध्ये टाका, अंदाजाने चिमूट नको.

५. लगेच हलवणीवर ठेवा. गाळण्यापासून हलवणीपर्यंतचा वेळ सर्व नमुन्यांना सारखा द्या.

६. एक फ्लास्क असा ठेवा की ज्यात सगळे तेच, फक्त धुऊन परत ग्लुकोजमध्ये. गाळण्या-धुण्याचा परिणाम वेगळा ओळखायला हाच उपयोगी पडतो. मूळ स्ट्रेनचा फ्लास्कही याच फेरीतून गेला पाहिजे.

उद्दीपकाच्या मात्रा सुरुवातीला अशा धरा : अल्क-एसाठी १ टक्का इथेनॉल, १०० मिलिमोलर थ्रिओनिन, ५० मिलिमोलर ब्युटॅनोन किंवा १० मिलिमोलर सायक्लोपेंटॅनोन, यांपैकी एक. झाइल-पीसाठी ०.५ ते १ टक्का झायलोज. नायट्रेटसाठी १० मिलिमोलर नायट्रेट, बंद ठेवायला ५ मिलिमोलर अमोनियम टार्टरेट. टेट-ऑनसाठी मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम डॉक्सिसायक्लिन, आणि त्याच्या वर-खाली एक मालिका. दुसऱ्या प्रयोगशाळेची मात्रा ही फक्त सुरुवात, तुमच्या स्ट्रेनमध्ये मालिका लावावीच लागते.

> सावध : ग्लुकोज काढले नाही तर उद्दीपक घालून अल्क-ए चालू होणार नाही. दमन उद्दीपनावर मात करते. थ्रिओनिन आणखी ओतून काही मिळत नाही.

लांबच्या प्रयोगांत उद्दीपक संपतो, उडतो किंवा बुरशी तो खाऊन टाकते. इथेनॉल, थ्रिओनिन, झायलोज आणि क्विनिक आम्ल हे सारे अन्नही आहेत. एका दिवसापलीकडे जायचे असेल तर पुन्हा घालण्याचे वेळापत्रक आधीच ठरवा.

## टप्पा ७ : मोजणी

एमआरएनए आधी, प्रथिन नंतर. पहिल्या वेळी वेळमालिका करा : ०, १५, ३०, ६०, १२० आणि २४० मिनिटे. चांगल्या उद्दीपनात एमआरएनए काही मिनिटांत वर चढू लागतो. फक्त २४ तासांनंतरचा एकच नमुना घेतला तर चढून उतरलेला शिखरबिंदू हुकतो.

नमुना गाळताच द्रव नायट्रोजनमध्ये. ‘आधी सगळे गाळून घेऊ, मग गोठवू’ असे म्हणणारा माणूस माध्यम-बदलाचा दुसरा, नकळत प्रयोग करत असतो.

क्यूपीसीआरमध्ये संदर्भ जनुक निवडताना जीपीडी-ए टाळा. ते ग्लायकोलिसिसचे जनुक आहे आणि तुम्ही नेमका कार्बन बदलला आहे. अ‍ॅक्टिन आणि ट्युब्युलिन दोन्ही घ्या, आणि तीही तुमच्या तिन्ही माध्यमांत स्थिर आहेत का हे मूळ स्ट्रेनच्या नमुन्यांवर पाहा. डीएनेज प्रक्रिया आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजविना नियंत्रण नमुना सोडू नका. बंद अवस्थेत उरलेला थोडा डीएनएच ‘गळती’ म्हणून दिसतो.

जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन) वापरत असाल तर एक मर्यादा ओळखा. चालू होणे ते छान दाखवते, बंद होणे दाखवत नाही. प्रथिन टिकाऊ आहे, प्रमोटर बंद झाल्यावरही तासन्‌तास चमकत राहते. बंद होण्याचा वेग हवा असेल तर एमआरएनए मोजा किंवा लवकर नष्ट होणारा जीएफपी वापरा. जुन्या तंतूंची स्वतःची चमकही असते, म्हणून जीएफपी नसलेल्या स्ट्रेनचे चित्र त्याच एक्स्पोजरवर हवे.

एन्झाइमची क्रियाशीलता मिलिग्रॅम प्रथिनामागे किंवा कोरड्या वजनामागे मांडा. माध्यमाच्या मिलिलिटरमागे मांडली तर मंद वाढीचे माध्यम नेहमी हरते.

‘किती पट वाढले’ हा आकडा एकटा कधीच देऊ नका. १०० पट हे मोठ्या चालूमुळे असू शकते किंवा अगदी लहान बंदमुळे. बंद आणि चालू दोन्ही पातळ्या मूळ जनुकाच्या नैसर्गिक पातळीशी तुलना करून सांगा. पुष्कळदा पूर्ण उद्दीपित अल्क-ए नैसर्गिक पातळीच्या कितीतरी वर असतो, आणि मग दिसणारा दोष जनुक ‘असण्याचा’ नसून अतिरेकाचा असतो. अशा वेळी ग्लिसरॉलवरची मधली पातळी जास्त खरे बोलते.

## टप्पा ८ : अत्यावश्यक जनुक तपासताना प्लेटवर

१ लाख, १० हजार, १ हजार आणि १०० बीजाणूंचे थेंब ‘चालू’, ‘मधल्या’ आणि ‘बंद’ प्लेटांवर द्या. सोबत मूळ स्ट्रेन आणि ज्ञात अत्यावश्यक जनुक त्याच प्रमोटरखाली असलेला स्ट्रेन. हा दुसरा नसेल तर ‘बंद’ प्लेट खरोखर बंद करते याला पुरावा काय?

‘बंद’ प्लेट फक्त डोळ्यांनी पाहू नका, सूक्ष्मदर्शकाखाली धरा. बीजाणू फुगून थांबले, छोटी नळी काढून थांबले, की मुळीच हलले नाहीत, यातून शिदोरी किती होती तेही कळते. दाट थेंबात वाढ आणि विरळ थेंबात नाही असे दिसले, तर आधी थेंबाखालचे ग्लुकोज संपल्याचा संशय घ्या. ग्लुकोज वाढवून किंवा प्लेट जाड ओतून पुन्हा करा.

तीन-चार दिवसांनी ‘बंद’ प्लेटवर तुरळक वसाहती उगवतात. त्या फेकू नका आणि त्यांवर विश्वासही ठेवू नका. त्या उचलून पुन्हा ‘बंद’ प्लेटवर लावा. पुन्हा वाढल्या तर प्रमोटरचा पीसीआर करा. मूळ प्रमोटर परत आला असेल, जोड बदलला असेल किंवा दमन करणाऱ्या यंत्रणेतच उत्परिवर्तन झाले असेल. क्रे-ए बिघडलेला स्ट्रेन ओळखायला दमनाखाली असलेले दुसरे एखादे जनुक ग्लुकोजवर मोजा.

## टप्पा ९ : चालत नसेल तर कुठून शोधायचे

क्रम असा ठेवा, सिक्वेन्सिंगकडे शेवटी या.

चालू होत नाही : उरलेले ग्लुकोज, उद्दीपकाची जुनी बाटली, पीएच, गोळे झालेले कल्चर, परक्या प्रजातीत चालक प्रथिनाचा अभाव. एमआरएनए आहे पण प्रथिन नाही : आगाऊ एटीजी, वाचनचौकट, प्रथिनाचा नाश.

बंद होत नाही : संपलेले ग्लुकोज, यीस्ट अर्क, मार्करमधून वाहत येणारे वाचन, केंद्रकांची सरमिसळ, दुसरी प्रत. थाय-एमध्ये थायमिन घालायचे राहून गेलेले. टेट-ऑनमध्ये चालक प्रथिनच डॉक्सिसायक्लिनविना थोडे बांधले जात असेल तर त्याचा कमी गळणारा प्रकार वापरा.

डॉक्सिसायक्लिनने मूळ स्ट्रेनही आजारी दिसतो : मात्रा जास्त आहे. जास्त मात्रेत ते मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिननिर्मितीला त्रास देते. काम भागेल तेवढी सर्वांत कमी मात्रा शोधा.

स्ट्रेन ठेवताना ग्लिसरॉलमधला साठा उणे ८० अंशांवर, शुद्धीकरणानंतर लगेच, आणि बाटलीवर प्रमोटरसोबत बीजाणू कोणत्या माध्यमावर बनवले तेही लिहा. अत्यावश्यक जनुकाचा स्ट्रेन नेहमीच्या ग्लुकोजच्या तिरक्या माध्यमावर उतरवला की महिन्याभरात हातात उरतात ते केवळ सुटून आलेले उत्परिवर्ती. अतिरेकाने विषारी ठरणाऱ्या जनुकाचा स्ट्रेन, उलट, ग्लुकोजवरच ठेवा.